विचारण्याचे वय

व्यापारी घराण्यात निवृत्तीची तारीख नसते. नोकरदाराला ठरलेल्या वर्षी आदेश मिळतो, हार-नारळ होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. पेढीवरचे हस्तांतर इतके सावकाश होते की ते झाल्याचे कळतही नाही. मुलगा आधी बाजूला बसू लागतो, मग बाजारात त्याचा शब्द चालू लागतो, मग तिजोरीची किल्ली त्याच्याकडे जाते. ‘आता आराम करा, बाबूजी’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. त्यात खोट काढण्यासारखे काही नसते. तरीही त्या दिवसापासून घरातील एक माणूस हळूहळू प्रश्न विचारणे थांबवतो आणि घराचे तिकडे लक्ष जात नाही. कारण प्रश्न न विचारणारा वृद्ध हा घरातल्यांना शांत, समाधानी आणि समजूतदार वाटतो.

वस्तुतः ती शांतता तपासून पाहण्याजोगी असते.

नाचणगाव हे वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यातले गाव. मुंबई–हावडा लोहमार्गावरील पुलगाव त्याच्या अगदी जवळ आहे. या पट्ट्याचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या कापसाभोवती फिरत आले. पुलगावला कापड गिरणी होती. पुलगावहून आर्वीपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे. पलीकडे लष्कराचे दारूगोळा भांडार उभे राहिले. गिरणी बंद पडली, छोटी गाडी थांबली, भांडार मात्र राहिले. अशा गावातील बाजारपेठेत आज पंचाहत्तरी ओलांडलेले जे वडीलधारे आहेत, त्यांच्यापैकी एका गृहस्थांचे उदाहरण घेतले तर पुष्कळ घरांचे चित्र त्यात दिसू शकेल. त्यांचे नाव महत्त्वाचे नाही. असे गृहस्थ बहुतेक कुटुंबांत असतात.

दुकान मुलांच्या हाती सोपवून या गृहस्थांना चार वर्षे झाली होती. सकाळी मंदिर, मग वर्तमानपत्र, दुपारी विश्रांती, संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण असा क्रम होता. प्रकृती वयाच्या मानाने चांगली होती. परंतु जेवताना मुलगा आणि नातू यांच्यात ‘परतावा’, ‘पोर्टल’, ‘क्रेडिट अडकले’ अशी बोलणी सुरू झाली की त्यांचे डोळे ताटावर स्थिर होत. काही विचारावे असे त्यांना वाटे. पण ‘ते नवीन आहे, तुम्हाला नाही कळायचे’ हे उत्तर न मिळताही ऐकू येई. हळूहळू घरात समजूत झाली की बाबूजींचे आता वय झाले, त्यांना नव्या गोष्टींत रस उरला नाही.

ही समजूत हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या पिढीबद्दल ‘यांना नवे शिकता येत नाही’ असे म्हटले जाते, त्या पिढीने काय काय शिकले याची नोंद एकदा मांडून पाहावी. हे गृहस्थ प्राथमिक शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकत होते, तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याच्या बारा पया होत्या. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ मण, शेर, छटाक जाऊन क्विंटल, किलो आणि ग्रॅम आले. चाळीस शेरांच्या मणाचा भाव किलोत बदलून सांगणे, तेही समोर शेतकरी उभा असताना, ही काही सोपी परीक्षा नव्हती. ते पेढीवर नुकते स्थिर होत होते तेव्हा, १९७२ मध्ये, महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि कच्च्या कापसाच्या खासगी खरेदीचा मार्गच बंद झाला. ज्या घरांचा सारा व्यवसाय कापसावर उभा होता, त्यांना धान्य, सरकी-ढेप, किराणा किंवा कापड या दिशांना वळावे लागले. नवा माल, नवी उधारी, नवी गिऱ्हाइके. पुढे सोयाबीन आले. विक्रीकर गेला आणि १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला. तोही गेला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. मधल्या काळात, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, गल्ल्यातील पाचशे-हजारांच्या नोटा चलनातून बाद झाल्या.

इतके धडे गिरवलेल्या मनाला अचानक शिकता येईनासे झाले, असे मानण्यास आधार नाही. फरक एवढाच पडला की वस्तू व सेवा कर येईपर्यंतचा प्रत्येक बदल हे त्यांचे स्वतःचे काम होते. भाव चुकला तर तोटा त्यांचा होता, म्हणून ते विचारत होते, चुकत होते आणि शिकत होते. २०१७ नंतरचा बदल मुलाचे काम झाले. गरज संपली तशी जिज्ञासा झोपी गेली. जडत्व वयातून आले नाही. ते जबाबदारी नसण्यातून आले.

आणखी एक कारण आहे आणि ते अधिक अवघड आहे. पूर्वी ज्यांच्याकडून शिकायचे ते वयाने मोठे होते किंवा बरोबरीचे होते: वडील, मुनीम, शेजारचे आडते, तालुक्याचे वकील. आता ज्याच्याकडून शिकायचे तो नातू असतो. ज्याला बोट धरून मंदिरात नेले त्याच्यापुढे वही घेऊन बसायचे, त्याने ‘असे नाही, असे’ म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारायचे, हे मनाला जड जाते. स्मरणशक्ती थोडी मंदावली तरी माणूस शिकू शकतो. विद्यार्थी होण्याची तयारी संपली की मात्र शिकणे थांबते. म्हणून उतारवयात जिज्ञासेचा खरा प्रतिस्पर्धी वार्धक्य नव्हे, मोठेपणा होय.

हे विधान केवळ उपदेश वाटू नये म्हणून नाचणगावच्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या पलीकडे धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनारकडे पाहावे. आचार्य विनोबा भावे यांचे स्मरण भूदानासाठी होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचे आणखी एक खाते उघडून पाहिले तर ते अखंड विद्यार्थित्वाचे खाते दिसते. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकू लागले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. बेचाळीसच्या आंदोलनानंतर वेल्लोरच्या तुरुंगात ठेवले असता त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या चारही दाक्षिणात्य भाषांचा अभ्यास केला. तेव्हा वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या घरात होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाला त्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयात नोकरदार निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्यांची तेरा वर्षांची पदयात्रा सुरू झाली.

त्या पदयात्रेतही अभ्यास थांबला नाही. बरोबर चालणाऱ्या जपानी सोबत्याकडून जपानी आणि जर्मन सोबतिणीकडून जर्मन शिकण्यासाठी त्यांनी वेळ काढला. आसामात गेल्यावर तेथील संत माधवदेवांच्या ‘नामघोषा’चा अभ्यास करून त्याचे सार काढले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भाषांची संख्या वाढवणे हा त्यांचा छंद नव्हता. ज्या प्रांतात जायचे तेथील माणसाच्या मनात शिरायचे तर त्याच्या भाषेच्या दारातून जावे लागते, हा त्यामागचा व्यवहार होता. शिकण्याला प्रयोजन होते आणि शिकवणारा वयाने लहान आहे की मोठा, हा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता.

जैन वाचकांना तर या विद्यार्थित्वाचे फळ घरातच सापडेल. भगवान महावीरांच्या निर्वाणाची पंचवीसशे वर्षे १९७४ मध्ये पूर्ण होत होती. सर्व पंथांना मान्य होईल असा, जैन धर्माचे सार सांगणारा एक ग्रंथ असावा, असा आग्रह विनोबांनी दीर्घकाळ धरला होता. त्यासाठी त्यांना सहकारी मिळाले ते क्षुल्लक जिनेंद्र वर्णी. वर्णीजी वयाने विनोबांपेक्षा सुमारे सव्वीस वर्षांनी लहान आणि प्रकृतीने अत्यंत नाजूक होते; तरीही ‘जैनेंद्र सिद्धांत कोश’ हे अवाढव्य काम त्यांनी एकट्याच्या चिकाटीने केलेले होते. संकलन झाले, त्याचा मसुदा मुनी, आचार्य आणि विद्वान यांच्याकडे अभिप्रायासाठी गेला, सूचना आल्या, बदल झाले, नावही बदलले. नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीत झालेल्या संगीतीत वेगवेगळ्या पंथांचे मुनी आणि विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांच्या ‘समणसुत्तं’ या ग्रंथाला मान्यता मिळाली. विनोबा त्या वेळी एकोणऐंशी वर्षांचे होते. १९७० मध्येच क्षेत्रसंन्यास घेऊन ते पवनारला स्थिरावले होते. पायांची यात्रा थांबली होती, विचारण्याची थांबली नव्हती.

या प्रसंगातून व्यापारी मनाला पटेल असा एक मुद्दा निघतो. एकोणऐंशीव्या वर्षी सर्व काम स्वतः करण्याचा हट्ट विनोबांनी धरला नाही. विचार त्यांचा, संकलन वर्णीजींचे, तपासणी अनेकांची. उतारवयातील जिज्ञासा म्हणजे तरुणाशी स्पर्धा नव्हे. भांडवल एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे अशी भागीदारी बाजारात शतकानुशतके चालत आली आहे. अनुभव आजोबांचा आणि नवे तंत्र नातवाचे अशी भागीदारी घरात का चालू नये?

जैन परंपरेने तर या भागीदारीला फार पूर्वी प्रतिष्ठा दिली आहे. अंतरंग तपांत स्वाध्यायाची गणना होते आणि स्वाध्यायाचे जे पाच प्रकार सांगितले जातात त्यांत वाचनेच्या लगेच पुढचे स्थान पृच्छनेचे, म्हणजे विचारण्याचे, आहे. चिंतन, पाठांतर आणि उपदेश हे त्यानंतर येतात. उपदेश शेवटी आहे, हा क्रम ज्येष्ठांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. परंपरेनुसार इंद्रभूती गौतम पन्नास वर्षांचे असताना, स्वतः नामवंत पंडित असताना, बेचाळीस वर्षांच्या भगवान महावीरांचे शिष्य झाले. आगमांत ‘गौतमांनी विचारले’ हे वळण पुन्हापुन्हा येते. ज्याला सर्व शास्त्रे अवगत होती त्यानेच सर्वाधिक प्रश्न विचारले, आणि ज्याला विचारले तो वयाने लहान होता. गौतमांची थोरवी यामुळे उणावली नाही. ती यातूनच सिद्ध झाली.

आधुनिक विज्ञानाने याविषयी काय पाहिले, तेही थोडक्यात पाहणे उचित ठरेल. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ पासून एका ख्रिस्ती संघातील साध्वींचा अभ्यास आरंभला. पुढे पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ साध्वी त्यात सहभागी झाल्या. जैन वाचकांना या अभ्यासाची कल्पना सहज येईल, कारण साध्वीसंघाचे जीवन त्यांना परिचित आहे: सर्वांचा आहार, निवास, दिनक्रम जवळजवळ सारखा, व्यसने नाहीत, आणि बहुतेकींचे आयुष्य शिकवण्यात गेलेले. दर काही काळाने त्यांच्या स्मृतीची परीक्षा घेतली गेली आणि मृत्यूनंतर मेंदू तपासण्यास त्यांनी आधीच संमती दिली होती. त्यातील काहींनी संघात प्रवेश करताना, विशीच्या सुमारास, लिहिलेली छोटी आत्मवृत्ते सापडली. ज्यांच्या त्या तरुणपणीच्या लेखनात विचार दाट होते, त्यांच्यात वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. आणखी आश्चर्याची बाब अशी की काही साध्वींच्या मेंदूत रोगाच्या स्पष्ट खुणा होत्या, परंतु त्यांचे वागणे-बोलणे अखेरपर्यंत शाबूत राहिले होते. वैज्ञानिक याला मेंदूची राखीव शिल्लक म्हणतात. राखीव निधी नफ्याच्या वर्षी बाजूला काढलेला असतो आणि तोट्याच्या वर्षी कामी येतो, हे कोणत्याही दुकानदाराला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जिज्ञासू राहिले की स्मृतिभ्रंश होणारच नाही, अशी हमी कोणतेही शास्त्र देत नाही. उत्तम वाचन असलेली, सदैव कार्यमग्न माणसेही या आजाराच्या तडाख्यात सापडतात. तेव्हा ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी स्वतःला दोष देऊ नये आणि शेजाऱ्यांनी ‘त्यांनी मन गुंतवले असते तर’ असा शेरा मारू नये. आजार हा आजार आहे. त्याला वैद्य आणि शुश्रूषा लागते. जिज्ञासेचे मोल आजार टळण्यावर अवलंबून नाही. जितके दिवस शुद्ध आहेत तितके जिवंत असावेत, एवढ्यासाठीही ती पुरेशी आहे.

शिवाय ज्याला निरुत्साह समजले जाते तो अनेकदा कानाचा किंवा डोळ्याचा दोष असतो. स्मृतिभ्रंशावरील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने, टाळता येण्याजोग्या धोक्यांत श्रवणदोषाला ठळक स्थान दिले आणि २०२४ च्या अहवालात दृष्टिदोषाचाही समावेश केला. कारण समजण्यास अवघड नाही. ज्याला अर्धे वाक्यच ऐकू येते तो दोनदा ‘काय?’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा मान हलवून गप्प बसतो. घरातले म्हणतात, बाबूजींना आता बोलण्यात रस नाही. चष्म्याचा नंबर बदलायला कुणी लाजत नाही, पण श्रवणयंत्राला नकार देणारी माणसे घरोघरी आहेत. मेंदूच्या व्यायामाची पुस्तके आणण्यापूर्वी कान आणि डोळे तपासून घेणे अधिक शहाणपणाचे.

व्यायामाच्या पुस्तकांविषयीही दोन शब्द हवेत. शब्दकोडी आणि अंकांची कोडी सोडवण्यात गैर काही नाही. परंतु कोडी सोडवणारा मुख्यतः कोडी सोडवण्यात तरबेज होतो. जिज्ञासेला उत्तराबरोबर माणूसही हवा असतो: ज्याला विचारायचे तो, आणि ज्याच्या उपयोगी पडायचे तोही.

नाचणगावच्या त्या गृहस्थांच्या बाबतीत बदल घडला तो अगदी साध्या कारणाने. नातू शिक्षणासाठी पुण्याला गेला, मुलगा एकटा पडला आणि एका संध्याकाळी त्याने कंटाळून म्हटले, “बाबूजी, ही बिले जरा महिन्यांप्रमाणे लावून ठेवाल का?” बिले लावताना गृहस्थांच्या मनात प्रश्न उठला की खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो तर तो नेमका कोणत्या खात्यात दिसतो. बऱ्याच दिवसांनी त्यांनी विचारले. मुलाने घाईत उत्तर दिले. ते समजले नाही. दुसऱ्या दिवशी नातवाला दूरध्वनी झाला. “आजोबा, हे तर तुमचंच जमा-नावे आहे, फक्त पान सरकारच्या घरी आहे,” असे तो म्हणाला आणि त्या एका वाक्याने दार किलकिले झाले.

पुढचा प्रवास काही विजययात्रा नव्हती. पोर्टल उघडण्याचे टप्पे ते विसरत. चौथ्या टप्प्यावर गाडी हमखास अडे. शेवटी त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक जुनी कोरी वही काढली आणि प्रत्येक टप्पा स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहिला. मुलगा प्रथम वैतागे. ‘द्या इकडे, मी करून देतो’ असे म्हणून उंदीर हातातून काढून घेई. त्याच्या पत्नीने त्याला एकदा शांतपणे सुनावले, “तुम्ही सायकल शिकताना बाबूजींनी सायकल काढून घेतली होती का?” त्यानंतर तो थांबू लागला. वर्षभरानंतरही विवरणपत्र मुलगाच भरतो आणि कर सल्लागारच तपासतो. दुकानाच्या नफ्यात या शिकण्याने काही भर पडली नाही. परंतु जेवणाच्या ताटावर आता एक आवाज अधिक असतो, आणि तो बहुधा प्रश्न विचारीत असतो.

‘द्या इकडे, मी करून देतो’ या वाक्याचा घरोघरी विचार व्हावा. ते सेवाभावाने बोलले जाते, पण त्याचा परिणाम उलट होतो. वृद्धाचे काम दोन मिनिटांत होते आणि त्याचा दिवस रिकामा होतो. थोडा वेळ थांबणे, तीच गोष्ट चौथ्यांदा त्याच स्वरात सांगणे, हीदेखील सेवा आहे, पाय चेपण्याइतकीच.

मोबाईलवरून पैसे देण्याच्या बाबतीत फसवणुकीचे भय खरे आहे आणि त्या भयापोटी अनेक घरांत ज्येष्ठांच्या हातातून हे साधनच काढून घेतले जाते. त्यावर बँकव्यवहारातील जुना उपाय लागू पडतो: जोखमीला मर्यादा घालावी. ज्येष्ठांच्या नावे एक वेगळे बचत खाते असावे, त्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरती रक्कम ठेवावी आणि मोबाईलशी तेवढेच खाते जोडावे. मुदत ठेवी आणि मुख्य खाते त्यापासून अलग राहावे. दोन नियम मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. ओटीपी आणि पिन कुणालाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही, सांगायचा नाही. आणि पैसे देण्यासाठी पिन लागतो, पैसे मिळण्यासाठी कधीच लागत नाही. एवढी तटबंदी केल्यावर चूक झालीच तर ती भाजीच्या पिशवीएवढी होईल. तेवढ्या रकमेत वृद्धाचे स्वावलंबन महाग नाही.

या विषयात घरातील आजींचा उल्लेख राहून जाऊ नये. अनेक घरांत असे दिसते की आजोबा मिटत जातात तेव्हा आजी टवटवीत राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराला निवृत्ती नसते. सुनेकडून त्या नवा पदार्थ शिकतात, नातीकडून परगावच्या लेकीशी चित्रसंवाद साधायला शिकतात, महिला मंडळाच्या स्वाध्यायात प्रश्नोत्तराच्या परीक्षेलाही बसतात. विचारण्यात कमीपणा असतो हे त्यांना बहुधा कुणी शिकवलेलेच नसते. पुरुषांनी हा गुण घराबाहेर शोधण्याची गरज नाही.

आणि विचारायला विषय कमी पडतील ही भीतीही नको. पुलगाव–आर्वी रूळ अरुंद का टाकले गेले, पावकी-निमकी गेल्यावर तोंडी हिशेब कसा बदलला, एकाधिकार खरेदीच्या वर्षांत कोणत्या घराने कोणता धंदा धरला, हे नाचणगाव-पुलगावच्या ज्येष्ठांखेरीज सांगणारे फार थोडे उरले आहेत. नातवाने आजोबांना हे विचारावे आणि आजोबांनी नातवाला पोर्टल विचारावे. देवघेव दोन्ही बाजूंनी राहिली तर शिकणाऱ्याला ओशाळे वाटत नाही. उधारी फिटत जाते.

दरवर्षी दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते. जुन्या खात्याची शिल्लक पुढे ओढली जाते, पण व्यवहार नव्या पानावरच लिहावा लागतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची शिल्लक ज्यांच्या गाठीशी आहे त्यांच्यापुढेही दर सकाळी एक कोरे पान येते. त्यावर पहिली नोंद एखाद्या प्रश्नाची असावी, आणि तो प्रश्न स्वतःपेक्षा लहान असलेल्या माणसाला विचारलेला असावा.